यादीत नसलेली आस्ता

न्यू ओस्टबी, नॉर्थ डकोटा
९ जून १९९०

माननीय सिनेटर ओलुफ ट्वेट साहेब,

मी बोर्घिल्ड नेसेट. आठवत नसेन तर सांगते. जुन्या ओस्टबीच्या एका खोलीच्या शाळेत आपण माझ्या मागच्या बाकावर बसायचात. नऊचा पाढा अडला की माझी वेणी ओढायचात, मी पुढून हळूच उत्तर सांगावं म्हणून. आता मी एकोणऐंशीची आहे. गेली अडतीस वर्षं मी आपल्याला पत्र लिहिलं नाही, मतही दिलं नाही. आपण तीस वर्षं वॉशिंग्टनला आहात ते माझ्या मतावाचूनच. यंदा आपण उभे राहणार नाही असं पेपरात वाचलं. म्हटलं, आता मताची भानगडच नाही, तर काही मागून बघावं.

काम असं. तीन वर्षं धड पाऊस नाही. धरणाचं पाणी इतकं उतरलंय की बुडालेलं ओस्टबी वर आलंय. शाळेचा पाया, चर्चच्या पायऱ्या, सगळं चिखलात उघडं पडलंय. बोटी पाण्यात उतरवायचा जो उतार होता तो कोरडा पडला, म्हणून धरणखात्याने चर्चमागच्या टेकाडावरून बुलडोझर घालून नवा उतार काढायचं ठरवलंय. ९ जुलैला काम सुरू. तो उतार तिथे होऊ नये. दुसरीकडे कुठेही करा. टेकाड ही जुन्या गावाची खूण आहे, आणि जुन्या खुणा जपाव्यात असं आपणच दर चार जुलैला भाषणात सांगता.

फोन करू नये. मला फोनवर ऐकू येत नाही.

बोर्घिल्ड नेसेट

*

सिनेटर ट्वेट यांचे कार्यालय, वॉशिंग्टन
२१ जून १९९०

प्रिय श्रीमती नेसेट,

ओस्टबी परिसराच्या इतिहासाविषयी आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्याला ठाऊक असेलच की दुष्काळामुळे मासेमारी व पर्यटनावर जगणाऱ्या अनेक कुटुंबांची ओढाताण होत असून, नवीन उताराच्या कामासाठी सिनेटर स्वतः प्रयत्नशील होते. तथापि आपल्या भावना लक्षात घेऊन सदर ठिकाणी जुन्या गावाची माहिती देणारा फलक लावण्याची विनंती संबंधित खात्यास करण्यात येत आहे.

सोबत सिनेटरांचे स्वाक्षरी केलेले छायाचित्र पाठवीत आहोत.

आपला विश्वासू,
ओलुफ ट्वेट

*

न्यू ओस्टबी
२६ जून १९९०

ओले,

तुझा फोटो परत पाठवतेय. दात चांगले बसवलेत. पत्र तू लिहिलेलं नाहीस हे कुणीही सांगेल. ‘तथापि’ हा शब्द तुझ्या तोंडून मी जन्मात ऐकला नाही. आणि फलक! फलक घेऊन मी काय करू रे?

आता खरं काय ते लिहिते, म्हणजे पुन्हा मशीनकडून उत्तर यायचं नाही.

छत्तीसच्या फेब्रुवारीत मला मुलगी झाली. तू तेव्हा वकिली शिकायला गेला होतास. उणे चाळीसची थंडी, रस्ते बंद, पाद्रीला येता येईना. तिसऱ्या दिवशी तिचा श्वास घरघरायला लागला तेव्हा तिच्या बापाने, सिव्हर्टने, स्वतःच बशीतलं पाणी तिच्या कपाळाला लावून नाव ठेवलं. आस्ता. नऊ दिवस जगली. जमीन लोखंडासारखी झालेली, कुदळ उडून परत यायची. एप्रिलपर्यंत पेटी धान्याच्या खोलीत ठेवली होती. मग टेकाडावरच्या दफनभूमीत, पूर्वेच्या कुंपणाशी तिला पुरलं. लाकडी क्रूस होता, तो चाळीसच्या वणव्यात जळून गेला. पुढे मला मूल झालं नाही.

बावन्न साली धरण होताना तुमच्या लोकांनी कबरी उकरून इकडे वर आणल्या. तिला आणलं नाही. ती तिथेच राहिली. पाण्याखाली होती तोवर मी कसंबसं सोसलं. निदान कुणी तिला हात लावत नव्हतं. आता तिच्या अंगावरून बुलडोझर जाणार.

ज्यांना हे माहीत होतं ती माणसं गेली. सिव्हर्टला जाऊनही अकरा वर्षं झाली. गावात कुणाला सांगू नकोस.

बोर्घिल्ड

*

वॉशिंग्टन
३ जुलै १९९०

बोर्घिल्ड,

हे माझ्या हाताने लिहितोय. अक्षर लागलं नाही तर दोष तुझा, गिरवायला तूच शिकवलंस.

तुझं पहिलं पत्र माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. ही सबब म्हणून सांगत नाही. सही माझी होती, म्हणजे पत्र मीच पाठवलं. लाज वाटली मला. त्या पोराला, म्हणजे ज्याने ते लिहिलं त्याला, आज समोर बसवून तुझी दोन्ही पत्रं मोठ्याने वाचायला लावणार होतो. पण तू कुणाला सांगू नकोस म्हणालीस, म्हणून फक्त पहिलं वाचायला लावलं. तेवढ्यानेही त्याचे कान लाल झाले.

आज सकाळी धरणखात्याच्या मुख्य साहेबाला फोन केला. काम १ ऑगस्टपर्यंत थांबवलंय. “कारण काय लिहू?” म्हणाला. म्हटलं, “म्हाताऱ्याची लहर, असं लिहा.” त्यांचं एक विधेयक माझ्या समितीपुढे आहे, ते मी तूर्त पालथं घालून ठेवलंय. हे त्याला मी सांगितलं नाही, पण त्याला समजलं. तुमच्या महापौराचा दुपारीच फोन आला. दुसरा उन्हाळा बुडतोय म्हणून ओरडत होता. त्याचंही चुकत नाही. उतारासाठी दोन वर्षं त्याच्या बाजूने मीच भांडलो होतो.

एक मात्र कळत नाही. बावन्नच्या यादीत एकशे बारा कबरी होत्या. ज्यांचं माणूस तिथे होतं त्या प्रत्येक घरी कबर हलवायच्या संमतीचा फॉर्म गेला होता. तुमच्याकडून आला नाही. तिला हलवू नये अशीच तुमची इच्छा होती, असं समजू का? तसं असेल तर टेकाड आहे तसं राहावं म्हणून मी भांडेन. आणि तिला वर आणायचं असेल तर आधी शोधावं लागेल.

माझ्या बिस्मार्कच्या कचेरीतल्या लोरेन फाइफरला तुझ्याकडे पाठवतोय. लोकांची अडलेली कामं एकोणीस वर्षं तीच सोडवते आणि नाव माझं होतं. तिच्यापासून काही लपवू नकोस.

ओले

*

न्यू ओस्टबी
१२ जुलै १९९०

ओले,

तुझी लोरेन आली होती. मला वाटलं, फाइल छातीशी धरून कुणी तरी कडक बाई येईल. ही आली ती बूट हातात घेऊन, गुडघ्यापर्यंत चिखल. आधी एकटीच टेकाड बघून आली होती. “मावशी, येऊ का आत?” म्हणाली. मी म्हटलं, “ये की, पण पाय नळाखाली धू.” धुतले, आणि मग बटाट्याच्या लेफ्से-पोळीच्या चार गुंडाळ्या लोण्यासाखरेबरोबर खाल्ल्या. अशा बाईशी बोलता येतं.

तिने विचारलं, “फॉर्म का गेला नाही, मावशी?”

मी म्हटलं, “पोस्टात हरवला असेल.”

तिने बोटांवरची साखर चाटली. मग म्हणाली, “मी एकोणीस वर्षं लोकांचे फॉर्म भरते. फॉर्म हरवला म्हणून सांगणाऱ्याचा आवाज चढतो. तुमचा खाली गेला.”

मग मी सांगितलं. तुलाही सांगते.

फॉर्म आमच्या जेवायच्या टेबलावर तीन आठवडे पडून होता. सिव्हर्ट म्हणायचा, “सही केली की धरणाला हो म्हटल्यासारखं होतं. जमीन घेतील, घर घेतील, माझी सही नाही मिळायची.” मी म्हटलं, “आणि आस्ता?” म्हणाला, “गाव बुडायचंच नाही. कोर्ट थांबवणार आहे.” त्याचा खरंच तसा विश्वास होता रे. एका सकाळी त्याने तो फॉर्म चुलीत घातला, आणि मी त्याच चुलीवर कॉफी केली.

सही मलाही करता आली असती. दुसरा फॉर्म आणायला चर्चपर्यंतच जायचं होतं. मी गेले नाही. नवऱ्याच्या शब्दाबाहेर जायचं नाही, असं वळण होतं. पुढे पाणी चढलं. त्याच्यावर रागवावं तर तो आधीच मोडलेला. स्वतःवर रागवायला धीर होत नव्हता. मग तू सापडलास. धरण हवं म्हणून सगळ्यांत मोठ्याने तूच ओरडत होतास. अडतीस वर्षं तुझ्यावर राग धरला, ओले. थोडा तुझा होता, बराचसा नव्हता.

काम कुणामुळे थांबलं हे गावात फुटलंय. पोस्टातली मुलगी फोटोच्या पाकिटाबद्दल बोलली असणार. आर्लिस, जी मासेमारीच्या आमिषांचं दुकान चालवते, ती मला किराणा दुकानात सगळ्यांसमोर म्हणाली, “काय गं, जुन्या दगडांची एवढी माया, तर त्यांच्याकडेच राहायला जा ना!” मी अंडी घेऊन घरी आले. सांगणार काय?

शनिवारी मी स्वतः खाली गेले होते. कुंपण कुठे होतं ते बघावं म्हटलं. मांडीपर्यंत रुतले. शेजारच्या केनेथने ट्रॅक्टरला दोर बांधून ओढून काढलं, आणि वर “आजी, मासे तरी मिळाले का?” म्हणून विचारतोय. ओळखीचं काही उरलेलं नाही तिथे. सगळा सारखा राखाडी चिखल. ती कुठे आहे ते मलाच दाखवता येणार नाही.

बोर्घिल्ड

*

बिस्मार्क
२४ जुलै १९९०

बोर्घिल्ड,

तुझं पत्र घेऊन इकडेच आलो. विमानात वाचलं, उतरल्यावर पुन्हा वाचलं. आता माझं ऐक.

बावन्नच्या ऑगस्टमध्ये जुन्या पाद्रींनी मला सांगितलं होतं की नेसेटांचं एक बाळ टेकाडावर आहे आणि यादीत नाही. मी दुसरा फॉर्म खिशात घालून तुमच्या फाटकापर्यंत आलो होतो. सिव्हर्ट कुंपणाची तार ताणत होता. म्हणाला, “ट्वेट, आत पाऊल टाकलंस तर या तारेत गुंडाळून बायकोकडे परत पाठवीन.” मी मागे फिरलो. इथपर्यंत मला कुणी नावं ठेवणार नाही. पण दुसऱ्या दिवशी तो गुरं विकायला बाहेरगावी जाणार होता आणि तू घरी एकटी असणार, हे मला ठाऊक होतं. तरी आलो नाही. मनाला सांगितलं, त्यांच्या दुःखाचा मान राखतोय. खरं म्हणजे तुझ्यासमोर उभं राहायची भीती वाटली. तू एक प्रश्न विचारला असतास आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर मी हजारो माणसांची कामं केली असतील. कुणाचं पेन्शन, कुणाच्या मुलाची रजा, कुणाच्या बायकोचा व्हिसा. लोक आभार मानायला येतात तेव्हा कधीकधी ते फाटक आठवतं. हे आजवर कुणाला बोललो नाही.

धरण व्हायला नको होतं असं मी म्हणणार नाही. खालच्या शहरांत दर वसंतात माणसं पुरात मरायची, ती थांबली. पण तुझ्याकडे यायला हवं होतं.

आता एक विचारतो, त्याचा तुला राग येईल. पेटी कशी होती? केवढी, कशाची, कुणी केली, रंग होता का? जेवढं आठवतं तेवढं लिही. का विचारतो ते विचारू नकोस, आणि मनाशी काही धरूनही बसू नकोस. खात्याने मला १० ऑगस्टपर्यंत मुदत दिली आहे. पुढे एक दिवसही मिळणार नाही, आणि मागायला मला तोंडही नाही.

ओले

*

न्यू ओस्टबी
२६ जुलै १९९०

ओले,

पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं, फाडून टाकावं. फॉर्मसाठी हवंय का हे? लांबी, रुंदी, रंग?

मग दिवसभर मटार सोलत बसले. संध्याकाळी वाटलं, तू उगीच विचारणार नाहीस.

पेटी सिव्हर्टने केली. बाहेर बर्फ, घरात दुसरं लाकूड नाही. त्याने पाळणा मोडला. तो पाळणाही त्यानेच केला होता आणि त्यावर माझ्या आईने लाल फुलं रंगवली होती, नॉर्वेहून आणलेल्या पेटाऱ्यावर असतात तशी. मोडताना तो रडत नव्हता, एकेक खिळा सरळ करून ठेवत होता. पेटी जोडताना त्याने फळ्या उलट्या लावल्या. फुलं आतल्या बाजूला. मी विचारलं, “असं का?” म्हणाला, “बाहेरून बघणार कोण? तिला दिसू देत.”

सिव्हर्टबद्दल मागच्या पत्रात लिहिलं, ते वाचून त्याला दगडाच्या काळजाचा समजू नकोस.

बस. यापुढे विचारू नकोस.

बोर्घिल्ड

*

बिस्मार्क
३० जुलै १९९०

बोर्घिल्ड,

हे पत्र लोरेनच्या हाती पाठवतोय. ती दारात आली की आधी दोघी खाली बसा. चष्मा लाव.

आस्ता पाण्याखाली नाही. ती टेकाडावरही नाही. ती वर आहे, तुमच्या न्यू ओस्टबीच्या दफनभूमीत. बावन्नच्या सप्टेंबरपासून तिथेच आहे.

कबरी हलवायचं काम ज्या ठेकेदाराकडे होतं त्याची कागदपत्रं धरणखात्याच्या कोठारात पडून होती. लोरेनने तिथे नऊ दिवस काढले. यादी, नकाशे, पावत्या, सगळं तिने पाहिलं. कुठे काही नव्हतं. शेवटच्या खोक्याच्या तळाशी मुकादमाची रोजनिशी निघाली. वॉल्टर क्रूस नावाचा माणूस. त्यातलं एक पान तसंच्या तसं उतरवतो:

“१४ सप्टेंबर, रविवार. काम बंद. शुक्रवारी पूर्वेच्या कुंपणाशी लहान पेटी लागली होती. यादीत नाही. साहेब म्हणाले, यादीत नाही ते काढायचं नाही. आज मी, रॉय आणि जोसेफ चर्चनंतर जाऊन काढली. अडीच फूट. झाकणाचा खिळा गेला होता, ते सरकलं. आतून लाल फुलं रंगवलेली. मी आत आणखी पाहिलं नाही. नवा खिळा मारला. वर नेऊन नवव्या ओळीच्या शेवटी पुरली. रॉयने प्रार्थना म्हटली. दगडावर ११३ घातलं. नाव माहीत असतं तर बरं होतं.”

हे पान आम्हाला वीस तारखेलाच सापडलं होतं. तुला कळवलं नाही, कारण एखादं दुसरंच बाळ निघालं असतं तर तुला दुसऱ्यांदा तेच दुःख झालं असतं. म्हणून पेटीचं विचारलं. तुझं उत्तर लोरेनने मला वाचून दाखवलं. ‘फुलं आतल्या बाजूला’ इथे आली आणि तिच्याने पुढे वाचवेना. मग मी वाचलं. मग माझ्यानेही वाचवेना. कचेरीतला पहारेकरी डोकावून गेला, कुणी वारलं की काय म्हणून.

क्रूस सदुसष्ट साली गेला. त्याची मुलगी मिनोटला असते, तिला मी लिहिलंय.

आणखी एक. त्या रोजनिशीत यादीत नसलेल्या आणखी सहा कबरी आहेत. त्या तिघांनी एकेका रविवारी त्याही वर आणल्या. नदीकाठच्या सगळ्या गावांच्या पेपरांत ती सहाही वर्णनं छापून आणतोय. कुणाची असतील ते येतील. माझी जानेवारीत मुदत संपते. तोवर एवढं काम नक्की पुरेल.

मी स्वतःच येणार होतो. पण तुझ्या फाटकाच्या आत यायचं मला अजून कुणी बोलावलेलं नाही.

ओले

*

न्यू ओस्टबी
२० ऑगस्ट १९९०

ओले,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण झोपत होते. खरंच. लोरेनने पत्र वाचून दाखवलं, आम्ही दोघी तिच्या गाडीतून दफनभूमीत गेलो, नववी ओळ, शेवटचा दगड. गवत वाढलं होतं. ११३ अजून वाचता येत होतं. मी तिथे किती वेळ बसले होते कोण जाणे. लोरेन लांब उभी राहून गवताची पाती तोडत होती. घरी आले आणि बुटांसकट पलंगावर पडले, ती दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी उठले. त्यानंतर रोज दुपारी झोपते. डॉक्टरला वाटलं काही आजार आहे. म्हटलं, आजार नाही रे बाबा, संपलाय तो.

मला वाटलं होतं, तिथे गेल्यावर सिव्हर्टचा राग येईल किंवा स्वतःचा तरी. आला नाही. त्या वॉल्टर क्रूसचंच मनात येत राहिलं. ज्याला माझं नावही माहीत नाही त्याने माझ्या लेकीसाठी रविवार घालवला. त्याच्या मुलीला मी पत्र लिहिलंय, आणि चोकचेरीच्या जॅमच्या दोन बाटल्या पाठवल्यात. फुटल्या नसल्या म्हणजे मिळवलं.

सहा तारखेलाच महापौराकडे जाऊन सांगितलं, खुशाल चालवा बुलडोझर. त्याने माझ्यासमोरच धरणखात्याला फोन लावला. उताराचं काम झपाट्याने चाललंय, कालपासून दोन बोटी उतरायलाही लागल्या. धुरळ्याने माझे वाळत घातलेले कपडे काळे झाले, त्याबद्दल तुला वेगळं तक्रारपत्र येईल.

नवीन दगड झालाय. आस्ता नेसेट, आणि वर्ष. एका बाजूला मी ११३ तसंच ठेवायला सांगितलं. क्रूसने घातलेलं आहे ते, राहू दे.

आणि गाढवा, या घराला फाटकच नाही. कुंपणही नाही. केव्हाही ये.

आता कालचं सांगते. चर्चच्या तळघरात कॉफीला बसलो होतो. पेपरात ती सहा वर्णनं आली आहेत, बायका त्यावरच बोलत होत्या. हुल्डा एकाएकी म्हणाली, “त्यातला तिसरा माझा भाऊ असणार. आई त्याच्याबद्दल कधी बोलायची नाही.” मग मी बोलले. सगळं. थंडी, पाळणा, चूल, फॉर्म. टेकाड का अडवलं तेही सांगितलं. आर्लिस समोरच बसली होती. म्हणाली, “अगं, हे आधी नाही का बोलायचं? मी तुला सगळ्यांसमोर काय काय बोलले!” मी म्हटलं, “मला तरी कुठे बोलता येत होतं?”

ती उठली. मला वाटलं चालली. तिने आपली खुर्ची उचलून माझ्याशेजारी आणून ठेवली, बसली, आणि विचारलं, “केस कसे होते गं तिचे?”

चौपन्न वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं: काळेभोर. इतके, की टोपीत मावत नव्हते.

तुझी,
बोर्घिल्ड